पावागडची बस चांपानेरला थांबवा: बडोद्याच्या मराठी मंडळांना खुले पत्र

बडोद्यातली मराठी मंडळे, महिला मंडळे आणि ज्येष्ठ नागरिक संघ यांच्या सहल समित्यांस,

सप्रेम नमस्कार.

दर हिवाळ्यात आपल्यापैकी बहुतेकांची एक तरी बस पावागडला जाते. पहाटे अंधारात निघायचं, हालोलच्या अलीकडे चहा घ्यायचा, पायथ्याशी माचीची एसटी पकडायची. माचीहून कोणी उडनखटोल्यात, म्हणजे रोपवेत, बसतं, कोणी पायऱ्या चढतं. कालिकामातेचं दर्शन झालं की खाली उतरून जेवण, आणि दिवेलागणीला घरी. या सगळ्यात आपण चांपानेर गावाला वळसा घालून दोनदा जातो. खिडकीतून कोटाची भिंत दिसते, झाडांवरून दोन मिनार डोकावतात, आणि ‘ते काय आहे?’ असं कोणी विचारेपर्यंत बस पुढे गेलेली असते.

माझी विनंती एवढीच आहे की यंदाचा कार्यक्रम ठरवताना चांपानेरच्या मशिदींसाठी अडीच तास राखून ठेवा. फोटोपुरते वीस मिनिटांचे थांबे नकोत. नीट अडीच तास हवेत, आणि त्यातला निम्मा वेळ मान वर करून घुमट बघण्यात जायला हवा.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. बीम, कॉलम आणि स्लॅब यांच्या हिशेबात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. सळई नाही, सिमेंट नाही, आणि तरी पाचशे वर्षं डोक्यावर उभं असलेलं दगडी छत बघितलं की मला ते दुसऱ्याला दाखवल्याशिवाय राहवत नाही. आणि दाखवायचं कोणाला, तर आपल्याच माणसांना. पन्नास किलोमीटरवर युनेस्कोच्या यादीतलं ठिकाण आहे, २००४ पासून आहे, आणि आपल्यातल्या किती तरी आजी-आजोबांनी पावागडच्या अनेक वाऱ्या करूनही जामी मशिदीच्या अंगणात पाऊल ठेवलेलं नाही.

इतिहास बसमध्ये माइकवर सांगता येईल इतका थोडक्यात सांगते. पावागड खीची चौहानांचा होता. सुलतान महमूद बेगड्याने दीर्घ वेढा घालून १४८४ मध्ये तो घेतला. शेवटचा राजा, ज्याला आपण गरब्यातल्या पतई रावळच्या कथेमुळे ओळखतो, मारला गेला. बेगड्याने पायथ्याच्या चांपानेरला मुहम्मदाबाद असं नाव देऊन आपली राजधानी वसवली. वाडे, बाजार, तलाव, विहिरी आणि मशिदी, सगळं पुढच्या पंचवीसेक वर्षांत उभं राहिलं. १५३५ मध्ये हुमायून गडावर चढला, राजधानी परत अहमदाबादला गेली आणि शहर ओस पडलं. रान वाढलं. गंमत अशी की त्या रानानेच शहर राखलं. वर दुसरं शहर वसलं नाही, त्यामुळे मुघलांच्या आधीच्या गुजरातचं एक अख्खं नगर, रस्त्यांच्या आखणीसकट, तसंच राहिलं. १९७० च्या दशकात आपल्याच एम. एस. युनिव्हर्सिटीच्या पुरातत्त्व विभागाने डॉ. र. ना. मेहता यांच्या हाताखाली तिथे उत्खनन केलं. घरं, रस्ते, पाण्याचे पाट उजेडात आले. आणि मंडळांना आवडेल असा आणखी एक धागा आहे. अठराव्या शतकात हा गड मराठ्यांकडे आला, पुढे शिंद्यांकडे राहिला. १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतला, तो सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांना परत मिळाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांच्याकडेच होता.

आता एक अवघड गोष्ट आधीच बोलून टाकते, कारण समितीच्या बैठकीत ती निघणारच. ‘आपण देवीच्या दर्शनाला जातो, मशीद कशाला बघायची?’ असं कोणी तरी म्हणेल. त्या सभासदाचा अवमान करू नका. गड लढाईने घेतला, राजा मारला गेला, हे खरं आहे आणि ते तिथे उभं राहून मुलांना सांगायलाही हवं. पण सुलतानाने हुकूम दिला म्हणून दगड आपोआप रचला जात नाही. तो घडवणारे हात या मुलखातल्या पाथरवटांचे होते. त्यांच्या आज्या-पणज्यांनी देवळं बांधली होती, आणि जे येत होतं तेच त्यांनी मशिदीत केलं. सुलतानाचं नाव इतिहासात आहे. त्या कारागिरांचं कुठेच नाही. त्यांचं काम बघायला जायचं आहे, असं सांगा. माझ्या अनुभवात या उत्तरावर बहुतेक लोक बसमधून उतरतात.

ही गोष्ट नुसती म्हणायची नाही, तर डोळ्यांनी बघता येते. जामी मशिदीसमोर उभं राहिलं की मधल्या मोठ्या कमानीच्या दोन्ही बाजूंना सुमारे तीस मीटर उंचीचे मिनार आहेत. लोक वर बघतात. तुम्ही मंडळींना खाली बघायला सांगा. मिनाराचं बूड देवळाच्या पीठासारखं, म्हणजे जोत्यासारखं, घडवलेलं आहे. कुंभ, कळस, त्यावर आडवे थर, आणि मध्ये मध्ये कोनाडे. देवळात अशा कोनाड्यात, देवकोष्ठात, मूर्ती असते. इथे चौकट तीच, वरची शिखरासारखी महिरप तीच, पण आत मूर्तीच्या जागी वेलबुट्टी आणि भौमितिक नक्षी कोरलेली आहे. जवळ जाऊन बोट न लावता दोन कोनाडे शेजारी शेजारी ठेवून बघा, नक्षी सारखी निघणार नाही. मूर्ती घडवणाऱ्या माणसाला मूर्ती करायची नाही म्हटल्यावर त्याने आपलं सगळं कसब पानाफुलांत ओतलं आहे. आतल्या मिहराबातही, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्यातही, कमळं आहेत, कळस आहेत. आपल्या घरातल्या वयस्कर बायकांना ही नक्षी कोणी समजावून सांगावी लागत नाही, असं मी पाहिलं आहे.

आता घुमट. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझं निम्मं पत्र त्यासाठीच आहे.

घुमट म्हटला की बडोदेकरांच्या डोळ्यांसमोर आर्ट्स फॅकल्टीचा घुमट येतो. रॉबर्ट चिझम यांनी तो विजापूरच्या गोलघुमटाचं वळण समोर ठेवून बांधला. किंवा दांतेश्वरकडचा अकबराच्या काळातला हजीरा मकबरा आठवतो. हे घुमट कमानीच्या तत्त्वावर उभे आहेत. विटा किंवा दगड मध्याकडे कलते बसवलेले असतात, ते एकमेकांना रेटतात, आणि तो रेटा खाली उतरताना बाहेरच्या बाजूला ढकलतो. म्हणून अशा घुमटाला जाड भिंती लागतात. गोलघुमटाचा आतला व्यास सुमारे अडतीस मीटर आहे. तेवढ्या घुमटाचा रेटा पेलायला विजापूरला केवढ्या भिंती घातल्या आहेत, ते तिथे गेलेल्यांना आठवत असेल.

चांपानेरच्या जामी मशिदीत शिरल्यावर भिंती जवळजवळ दिसतच नाहीत. दिसतात ते खांब, एकशे बहात्तर. आणि त्या बारीक खांबांच्या डोक्यावर घुमट. पहिल्यांदा बघताना मला धडकी भरली होती, कारण माझ्या पुस्तकी हिशेबाने असा घुमट खांबांना बाहेर ढकलून पाडायला हवा. पाचशे वर्षं तो पाडत नाही, याचं कारण गुजरातच्या कारागिरांनी घुमट कमानीसारखा न रचता देवळाच्या छतासारखा रचला.

बाजूच्या एखाद्या लहान घुमटाखाली मंडळींना उभं करा. खांबांवर तुळया टाकून चौकोन झाला. चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरप्या तुळया टाकल्या की त्याचा अष्टकोन होतो. त्या अष्टकोनावर दगडाचं पहिलं कडं, आडवं, सपाट बसवलेलं. त्यावर दुसरं कडं, पहिल्यापेक्षा थोडं आत सरकलेलं. त्यावर तिसरं, आणखी आत. असं करत करत वर्तुळ लहान होत जातं आणि शेवटी एका दगडाने मिटतं. एकही दगड कलता नाही. प्रत्येक दगड आडवा पहुडलेला आहे, म्हणून त्याचं वजन जवळजवळ सरळ खाली, तुळईवर आणि तुळईवरून खांबावर जातं. बाहेरचा रेटा नाममात्र. म्हणून बारीक खांब पुरतात.

मग आत सरकलेला दगड तोंडघशी का पडत नाही? हा प्रश्न सहलीत एखादा मुलगा हमखास विचारतो. विहीर बांधताना गवंडी विटांचं गोल कडं रचतो, ते आठवा. बाहेरची माती आत ढकलते, पण गोलातल्या विटा एकमेकींना दाबून धरतात, त्यामुळे कडं आत कोसळू शकत नाही. इथेही तेच आहे. कडं पुरं होईपर्यंत प्रत्येक दगडाला मागून वजन देऊन धरावं लागतं. कड्यातला शेवटचा दगड बसला की सगळे एकमेकांत अडकतात आणि कडं आपल्या जिवावर उभं राहतं. त्यावर उभं राहून पुढचं कडं रचायचं. कमानीच्या घुमटाला खालून जो लाकडी सांगाडा लागतो, तो इथे लागत नाही.

या पद्धतीला मर्यादा आहे. घुमट फार मोठा करता येत नाही, कारण अष्टकोनाची तुळई एका अखंड दगडाची असते आणि दगड लांब झाला की मधून तडकतो. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून चांपानेरला एक अवाढव्य घुमट नाही, पुष्कळ लहान घुमट आहेत, आणि मधला भाग उंच करायचा म्हणून खांबांवर खांब चढवून मजले केले आहेत. मधल्या दालनात उभं राहून वर बघितलं की सज्जे दिसतात आणि त्यांच्या बाजूने उजेड आत येतो. थेट ऊन येत नाही, वळून येतं. दुपारी दोनला बाहेर रखरखाट असताना आत मऊ उजेड आणि गारवा असतो. हवा वर सरकून त्याच वाटेने निघून जाते. याच वळणाचं उंच केलेलं मधलं दालन अहमदाबादच्या १४२४ च्या जामी मशिदीतही आहे. चांपानेरला तोच विचार आणखी नेमका झाला आहे, असं माझं मत आहे. अहमदाबादला खांबांची दाटी वाटते, इथे श्वास घेता येतो.

असंच आडव्या कड्यांचं छत आपल्यातल्या अनेकांनी देवळात बघितलेलं आहे, फक्त त्या नजरेने बघितलेलं नाही. अंबरनाथचं शिवमंदिर आठवा, १०६० सालच्या शिलालेखाचं. सभामंडपाचं छत असंच आत आत सरकत गेलेलं आहे. अबूच्या देलवाड्याच्या रंगमंडपात मधोमध लोंबणारं संगमरवरी कमळ बघून सगळे अवाक होतात. त्या कमळाच्या भोवतीची कडीही याच रीतीने रचलेली. मोढेऱ्याच्या सूर्यमंदिराला सहल नेणाऱ्या मंडळांनी हा धागा सहज जोडावा. मोढेरा एका वर्षी आणि चांपानेर दुसऱ्या वर्षी केलं, तर मुलांना एकच विद्या दोन धर्मांच्या घरात कशी नांदली हे डोळ्यांनी दिसेल. शाळेच्या पुस्तकात ते एका ओळीत उरकलेलं असतं.

जामी मशिदीवर सगळा वेळ घालवू नका, हेही सांगते. ती मोठी आहे, मानाची आहे, पण माझा जीव लहान मशिदींवर आहे. गावकोटाच्या आत शहर की मशीद आहे, पाच कमानींची, दोन मिनारांची. केवडा मशिदीकडे रानातून पायवाट जाते, आणि तिच्या अंगणातली छत्री बघितल्याशिवाय परत फिरू नका. नगीना मशिदीपर्यंतचं चालणं थोडं जास्त आहे, पण तिथल्या छत्रीचे खांब आणि कोनाडे इतके बारीक कोरलेले आहेत की लाकडाचं काम वाटावं. ज्यांचे गुडघे कुरकुरत नाहीत त्यांना तरी न्या.

आणि वाट वाकडी करून लीला गुंबज की मशीद बघा. ही खेड्यातल्या मशिदीच्या मापाची आहे. उंच जोतं, समोर तीन कमानी, मधली मोठी, तिच्या दोन बाजूंना मिनार, आत तीन मिहराब आणि वर तीन घुमट. मधल्या घुमटाच्या बाहेरच्या अंगावर उभ्या पन्हळी आहेत, आणि तो एके काळी रंगवलेला होता. बाजूचे दोन घुमट साधे. बस, एवढंच. पण प्रमाण इतकं नेमकं आहे की काही कमी करावं किंवा वाढवावं असं वाटत नाही. मधली कमान बाजूच्या कमानींपेक्षा किती मोठी, मधला घुमट बाजूच्यांपेक्षा किती उंच, पन्हळी कुठे सुरू व्हाव्यात, हे सगळं ज्या मिस्त्रीने ठरवलं त्याला माप कळत होतं. आर्किटेक्चर शिकणारी नातवंडं घरी असतील त्यांना वही-पेन्सिल घेऊन इथे बसवा. गर्दी नसते. तासाभरात ती जे शिकतील ते मला सबंध सेमिस्टरमध्ये कोणी शिकवलं नव्हतं.

घुमटाच्या बाहेरच्या अंगाबद्दल एक गोष्ट लक्षात आणून द्या. आतून कड्यांच्या पायऱ्या दिसतात आणि बाहेरून गुळगुळीत गोलाई, कारण वर विटा आणि चुन्याचा थर देऊन आकार काढलेला असतो. तो चुना म्हणजे घुमटाची छत्री आहे. तो उडाला की पावसाचं पाणी दगडांच्या सांध्यात उतरतं. मग कुठून तरी पिंपळाचं बी येतं. रोप बोटभर असताना उपटलं तर दोन मिनिटांचं काम असतं. दुर्लक्ष झालं तर मूळ सांध्यात जाडावतं, दगड कणाकणाने बाजूला सरतो, आणि ज्या कड्याची ताकद दगड एकमेकांना दाबून धरण्यात होती ते कडं सैल पडतं. मोठ्या धक्क्याची गरज उरत नाही. चांपानेर परिसरात पडलेले घुमट आणि नुसते उरलेले खांब दिसतील, त्यांच्यासमोरही मंडळींना मिनिटभर उभं करा. आणि कुठल्या घुमटावर रोप दिसलं तर फोटो काढून तिथल्या पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्यांना दाखवा. स्वतः वर चढू नका. तो चुना माणसाच्या पायांसाठी नाही.

वागणुकीबद्दलही लिहिते, कारण हे मी उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एका मंडळाने ओसरीतच जेवणाचे डबे उघडले होते आणि पुरी-भाजीचे तेलकट कागद जाळीच्या खाचेत कोंबून ठेवले होते. दुसऱ्या एका ठिकाणी खांबावर किल्लीने कोरलेली नावं होती, आणि ती आपल्या देवनागरीत होती. मला फार वाईट वाटलं. आपण गडावर देवीच्या गाभाऱ्यासमोर जसे वागतो तसे इथे वागू या. चपला काढून आत जा, कोणी सांगितलं नाही तरी. आवाज कमी ठेवा. जेवण बागेत किंवा बसमध्ये. आणि परत निघताना एका स्वयंसेवकाने पिशवी घेऊन एक फेरी मारावी, आपला कचरा उचलावा, दुसऱ्याचा दिसला तर तोही.

वेळापत्रकाची अडचण मला माहीत आहे. दर्शनाच्या रांगेचा नेम नसतो, आणि स्मारकं संध्याकाळी बंद होतात. त्यावर माझा तोडगा असा आहे की गडावर सकाळी लवकर चढा, दुपारच्या आत खाली या, जेवा, आणि तीन ते साडेपाच चांपानेरला द्या. त्या वेळी ऊन तिरपं होतं, जाळ्यांतून आत येतं आणि कोरीव काम उठून दिसतं. नवरात्रात आणि पौर्णिमेला हे जमणार नाही. त्या दिवशी गर्दीत कोणालाच काही दिसत नाही, तेव्हा तो हट्ट मी धरत नाही. डिसेंबर-जानेवारीतला साधा कामाचा दिवस सगळ्यात चांगला. येताना रस्त्याकडेची गोल जिन्याची वावही दाखवा. विहिरीच्या भिंतीला धरून जिना फिरत फिरत पाण्याकडे उतरतो. दहा मिनिटं पुरतात.

चढणं ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी तर चांपानेर वरदानच आहे. दर सहलीत पाच-दहा ज्येष्ठ माचीलाच बाकावर बसून राहतात आणि बाकीच्यांची वाट बघत दिवस घालवतात. त्यांना सकाळपासूनच जामी मशिदीच्या सावलीत न्या. जमीन बरीचशी सपाट आहे, बसायला जोती आहेत, आणि बघायला एवढं आहे की वाट बघण्याचा कंटाळा येणार नाही. यासाठी वेगळी छोटी गाडी करावी लागली तर वर्गणी थोडी वाढेल. माझ्या मते ती वाढवावी.

मराठीत समजावून सांगणारं कोणी मिळत नाही, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. तिच्यावर माझ्याकडे उपाय आहे. घुमटाची रचना, खांबांची आखणी आणि मिनाराच्या बुडाचे थर यांची मी हाताने काढलेली चित्रं आहेत. चार पानांत मावतील. जे मंडळ मागेल त्याला मी ती मोफत देईन, त्यांनी हव्या तेवढ्या प्रती काढाव्यात. ज्या मंडळाला माणूस हवा असेल त्यांच्यासोबत मी स्वतः येईन. मानधन नको. बसमध्ये पुढची जागा द्या, म्हणजे मला माइकवर बोलता येईल, आणि घुमटाखाली पोहोचल्यावर ‘चला, उशीर होतोय’ असं अर्धा तास तरी कोणी म्हणू नका.

कोजागरीनंतर आपल्या बैठका सुरू होतील. सहलीचा विषय निघाला की हे पत्र वाचून दाखवावं आणि पावागडच्या पुढे, त्याच ओळीत, चांपानेर लिहावं, ही आग्रहाची विनंती.

आपली,
एक बडोदेकर इंजिनियर